बॅकअप आहेच

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून आमच्या घरातली गुलामगिरी बंद. महिनाभर कॉम्प्युटर मेसेज दाखवत होता की तुमचं मशीन जुनं झालं, नवं घ्या. का म्हणून? मशीन धडधाकट आहे. मी पन्नाशी ओलांडली म्हणून मैथिली मला बदलते का?
ऑफिसातल्या सम्मेदनं पेन ड्राइव्हवर लिनक्स दिलं, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी दुसरी सिस्टिम. फुकट, ओपन सोर्स, व्हायरसची कटकट नाही. देताना म्हणाला, उन्मेषदादा, आधी सगळ्याचा बॅकअप घ्या. मी म्हटलं, बाळा, तू जन्मायच्या आधीपासून मी कॉलेजच्या फायली सांभाळतोय.
दुपारपर्यंत बसलं. पहिल्यांदा आवाज गेला, दुसऱ्यांदा आवाज आला आणि प्रिंटर गेला. पण बसलं! नाद करायचा नाही.
संकल्प: रोज एक उपयोगी ॲप शिकायचं.
मैथिलीनं विचारलं, आपल्या अदितीचे शाळेतले फोटो कुठं गेले. सापडतील.

५ नोव्हेंबर, बुधवार
घरच्या ऑफिस ॲपमध्ये पत्र टाइप करून साहेबांना पाठवलं. त्यांच्याकडं उघडल्यावर समास सरकला आणि सही दुसऱ्या पानावर एकटीच गेली. साहेब म्हणाले, हे पत्र आहे का लग्नपत्रिका. साहेबांचा कॉम्प्युटर मागासलेला आहे, त्याला मी काय करू.
रेसिपीचं ॲप बसवलं. मैथिलीला म्हटलं, तांबड्या रश्श्याची कृती सांग. म्हणाली, तिखट अंदाजानं, मीठ अंदाजानं. ॲपमध्ये अंदाज असं माप नाही. ती भाकऱ्या थापायला निघून गेली.
रोज एक ॲप जमेल असं वाटत नाही. एकदम जास्त बसवून ठेवतो, मग शिकायला बरं.

९ नोव्हेंबर, रविवार
मुरगूडला जाऊन आलो. आप्पांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, रिपोर्ट वाईट आहे. घशात गाठ. स्वरयंत्रच काढायला लागणार.
ज्या माणसानं उभा जन्म कुस्तीच्या मैदानात माइकवर काढला, त्याचं. आप्पा बोलायला लागले की हलगीवालासुद्धा हात आवरता घ्यायचा. पैलवान आखाड्यात उतरायच्या आधी आप्पा त्याचं गाव, वस्ताद, खुराक, सगळं असं सांगायचे की हरणाऱ्याचीही छाती फुगायची.
आप्पा म्हणाले, डॉक्टर इचारत हुतं, आवाज ठेवायचा का जीव. म्या म्हटलं जीव ठेवा, पर आवाजाचं आधी काय तरी बघू द्या की.
परत येताना मी मैथिलीला धीर दिला. म्हटलं, काळजी करू नको, यासाठीही एखादं ॲप असेल. तिनं खिडकीकडं तोंड फिरवलं ते कागलपर्यंत.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
मैथिलीनं ठरवलंय, ऑपरेशनच्या आधी आप्पांचा आवाज रेकॉर्ड करायचा. मैदानातल्या व्हिडिओंमध्ये नुसता गोंगाट आहे, तिला घरातला आवाज हवाय. आप्पा आमच्याकडं शिवाजी पेठेत राहायला आले. फेब्रुवारीत अदितीचं लग्न आहे. तेव्हा नवरा-नवरी हॉलमध्ये येताना आप्पाच पुकारणार होते. आता तेही आधीच रेकॉर्ड करून ठेवायचं आणि त्या दिवशी लावायचं.
मी लगेच सूत्रं हातात घेतली. ऑडिओचं ॲप बसवलं. मैथिलीनं फोनवर रेकॉर्ड करायचं, मी कॉम्प्युटरवर घ्यायचं, साफ करायचं, नाव देऊन ठेवायचं. टेक्निकल बाजू माझी.

१६ नोव्हेंबर, रविवार
आप्पा रंगात आलेत. घरातल्या एकेकाला पैलवान करून पुकारतायत. भांडी घासायला येणाऱ्या बनाबाईंनाही सोडलं नाही. कुस्तीशौकीन हो, बघा हिकडं, काळ्याकुट्ट कढईला चारी मुंड्या चीत करणाऱ्या बनाबाई आखाड्यात उतरतायत! बनाबाई पदर तोंडाला लावून एवढ्या हसल्या की नळ तसाच वाहत राहिला.
मी ॲपनं त्यातला खोकला काढून टाकला. मैथिली भडकली. म्हणाली, खोकला तसाच ठेव, तो आप्पांचाच आहे. परत घातला. लोकांना क्वालिटीची किंमत नाही.
खोकला वाढलाय. हे ॲपमध्ये आवाजाच्या रेघांवरून मलाच आधी दिसलं. कुणाला सांगितलं नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार
मैथिलीचा फोन भरला. मी म्हटलं, फोनवरचं सगळं उडव, कॉम्प्युटरवर आहे. शिवाय आज मी बॅकअपचं ॲप बसवलंय. बाहेरची छोटी डिस्क जोडली, बटण दाबलं, चहा होईपर्यंत काम फत्ते. हिरवी टिक आली. आयुष्यभराचा पसारा किती कमी जागेत बसला! ओपन सोर्सची कमाल.
मैथिलीनं विचारलं, नक्की का? मी म्हटलं नक्की. परत विचारलं, नक्की ना हो? मी जरा चिडलोच. तिनं डोळे मिटून उडवलं.
ऑफिसात सम्मेदला सांगितलं. म्हणाला, घरच्या फायलींवर टिक केली होती ना? ते ॲप नुसती सिस्टिम सांभाळतं, फायलींचं वेगळं सांगायला लागतं. मी म्हटलं, हिरवी टिक आली रे. तो म्हणाला, एकदा उघडून बघा. रविवारी बघतो.

२३ नोव्हेंबर, रविवार
बघायचं राहिलं. सकाळी मिसळ आणायला गेलो, तिथं पेठेतल्या फुटबॉल टीमची चर्चा रंगली, दुपारी डोळा लागला.
आज आप्पांनी मला पुकारलं. मी बाहेर होतो. मैथिली म्हणाली, ऐका, तुमच्याबद्दल काय काय बोललेत. ती बोलताना तिचा चेहरा वेगळाच दिसत होता. म्हटलं, स्पीकरचं सेटिंग नीट करून सावकाश ऐकतो. चांगली गोष्ट घाईनं ऐकू नये.

३० नोव्हेंबर, रविवार
आप्पांचा आवाज फाटलाय. डॉक्टरांनी ऑपरेशन अलीकडं घेतलं, येत्या गुरुवारीच. आज शेवटचं रेकॉर्डिंग केलं, अदितीच्या लग्नाचं. मधे तीनदा थांबले. बनाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या, आज हसल्या नाहीत. संपल्यावर आप्पा म्हणाले, बास, आता ह्या नरड्यात काय न्हाय. पाणी मागितलं. त्यानंतर ते बोललेच नाहीत, नुसती मान हलवतात.
फाइल मीच कॉम्प्युटरवर घेतली, बॅकअपचं बटण परत दाबलं. फोनवरची उडवली. शिस्त म्हणजे शिस्त.

४ डिसेंबर, गुरुवार
ऑपरेशन झालं. जीव वाचला. मैथिली कॉरिडॉरच्या भिंतीला टेकून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हटलं, आवाज आपल्या घरात सुरक्षित आहे. ती म्हणाली, हो, तेवढं एक बरं झालं तुमच्यामुळं. लग्नाला एवढी वर्षं झाली, तुमच्यामुळं बरं झालं हे बहुतेक पहिल्यांदाच ऐकलं.
दवाखान्यात बसल्या बसल्या वाचलं, लिनक्सचं नवं व्हर्जन आलंय.

७ डिसेंबर, रविवार, सकाळ
मैथिली दवाखान्यात. घर मोकळं. नवं व्हर्जन टाकायला घेतलं. अर्ध्यात स्क्रीन काळी. दुसरा कुणी असता तर घाबरला असता.
सरळ पुन्हा कोरं इन्स्टॉल करायचं. कॉम्प्युटरनं विचारलं, डिस्कवरचं सगळं पुसू का? बेधडक हो म्हटलं. बॅकअप आहेच.

त्याच दिवशी, संध्याकाळ
बॅकअप परत चढवला. जगात भारी! एकूण एक ॲप जागेवर. रेसिपीचं, ऑडिओचं, हिशेबाचं, अगदी बुद्धिबळाचंसुद्धा.
आप्पांचं फोल्डर दिसत नाही. फायली मोठ्या आहेत, यायला वेळ लागत असेल.

८ डिसेंबर, सोमवार
रजा टाकली. आल्या नाहीत.
घाबरायचं कारण नाही. गेलेल्या फायली परत आणायची ॲप्स असतात. तीन बसवली. एकानं दिवसभर डिस्क खरवडून हजारो फायली काढल्या, सगळ्या बिननावाच्या. एकेक लावून बघितली. कॉम्प्युटर सुरू होतानाचा टुंग निघाला. कचऱ्याची टोपली रिकामी होतानाचा चुरचुर निघाला. माणसाचा आवाज एकही नाही.
संध्याकाळी सम्मेद आला. त्यानं बॅकअप उघडला, बराच वेळ बघितला. घरच्या फायलींवर टिक केलेलीच नव्हती. मग विचारलं, ही तीन ॲप्स ह्याच डिस्कवर बसवली? मी म्हटलं, मग कुठं बसवणार? म्हणाला, थोडंफार उरलं असेल त्याच्यावरच बसली ती. चहा अर्धा ठेवून उठला. दारात म्हणाला, वहिनींना आजच सांगा.
आज कसं सांगणार? ती दवाखान्यात थकलीय. आप्पांच्या नळ्या निघू देत. डोकं शांत ठेवून योग्य वेळ निवडणं याला मॅनेजमेंट म्हणतात.
त्यात आप्पांनी मला पुकारलेलंही होतं. काय म्हणाले असतील माझ्याबद्दल? मैथिलीला विचारायची सोय नाही.

११ डिसेंबर, गुरुवार
मैथिलीचा फोन. आप्पांना स्वतःचं ऐकायचंय, पेन ड्राइव्हवर घालून आणा. सांगितलं, पेन ड्राइव्ह बिघडलाय. अदितीचा पुण्याहून फोन. बाबा, लग्नाची क्लिप पाठवा, साउंडवाल्याला द्यायचीय. सांगितलं, नेट स्लो आहे. दोघींनी विश्वास ठेवला. त्यांनी भांडण काढलं असतं तर बरं वाटलं असतं.
जेवण जात नाही. बहुतेक पित्त.

१३ डिसेंबर, शनिवार
मार्ग सापडला! बोलणारं ॲप. आपण मराठीत टाइप करायचं, ते वाचून दाखवतं. फुकट. आप्पांना कायमचा आवाज मिळेल, जुन्याची आठवणही येणार नाही. टेस्ट केली. बंद खोलीत कुणीतरी नाक दाबून बोलतंय असं येतं, पण शब्द कळतात. सवय होते माणसाला.
उद्या आप्पा घरी येणार. आधी हे दाखवायचं, सगळे खूश झाले की त्या भरात बाकीचं सांगून टाकायचं.

१४ डिसेंबर, रविवार, संध्याकाळ
सगळे हॉलमध्ये आहेत. अदिती पुण्याहून आलीय. बनाबाई काम नसताना आल्यात. आप्पा गळ्याला पट्टी बांधून खुर्चीत बसलेत, मांडीवर पाटी. मैथिलीनं स्पीकर पुसून ठेवलेत. सकाळपासून तिच्या चेहऱ्यावर सण आहे.
मी आधी ॲप लावलं. कुस्तीशौकीन हो असं टाइप केलं. ते बोललं. कुणी हसलं नाही, बनाबाईंनी फक्त मैथिलीकडं बघितलं. आप्पांनी पूर्ण ऐकून घेतलं. मान डोलावली, माझ्या पाठीवर थाप मारली. थाप चांगली जोरात होती. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांनी पाटीवर लिहून माझ्यापुढं धरलं.
पावणं, झ्याक हाय. आता माझा लावा की.
वायर आणतो म्हणून आत आलोय. वायर मैथिलीनं सकाळीच जोडलीय, तिलाही ते माहीत आहे. मला भीती वाटतेय. बाहेर सगळे वाट बघतायत.