मध्ये विरलेली चादर

ता. ४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे ठीक. दुकानात काम बरं आहे, लोकांची घड्याळं बंद पडताहेत ही आपल्यावर कृपाच. पत्रास कारण थोडं विचित्र आहे. आमची मोठी चादर मध्ये इतकी विरली आहे की पलीकडचं दिसतं. कडेला मात्र धडधाकट आहे. अशी चादर कापून परत नवी करता येते असं तूच एकदा म्हणाली होतीस. कशी, ते सविस्तर कळव. शिवाय माझ्या शर्टाची कॉलर फाटली आहे, ती उलटी करतात म्हणजे नक्की काय करतात? हिला विचारलं असतं, पण ती सध्या कामात आहे. ठमीचा पुढचा दात पडला. माझ्यावर लोभ आहे तो कमी करू नकोस.

तुझा धाकटा

ता. ११ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या मेहुण्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, याला सुईत दोरा तरी ओवता येतो का? मी म्हटलं, घड्याळातले केसाएवढे स्क्रू लावतो, सुईला काय घाबरेल.

चादर उभी मधोमध काप. मग दोन्ही तुकड्यांच्या जागा बदल, म्हणजे कडेचे धड काठ मध्ये येतील. ते एकमेकांना शीव. उरलेल्या दोन कडाही शीव. झालं. कॉलर उसवायची, पालटायची आणि होती तिथेच परत लावायची, फाटकी बाजू आत जाते.

हे सगळं ठीक, पण तुझ्या बायकोने गेल्या अकरा वर्षांत तुला बटण लावू दिलेलं नाही. आणि तुझ्या पत्राखाली तिच्या दोन ओळी असतात, त्या या वेळी नाहीत. मी उगाच काळजी करते आहे का, एवढंच सांग. ठमीला गोड पापा. आम्हाला आठवत जा.

तुझी ताई

ता. १९ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू लिहिलंस तसंच केलं. मधले काठ जोडले. उरलेल्या दोन कडाही शिवल्या, एकमेकींना. आता चादरीचा बोगदा झाला आहे. ठमी एका बाजूने शिरते आणि दुसरीकडून बाहेर येते. तिला तो उसवू द्यायचा नाही. कॉलर मी पालटून परत पालटली असावी, कारण फाटकी बाजू वरच आहे.

तुझी काळजी उगाच नाही. ही माहेरी जाऊन बावीस दिवस झाले. भांडण झालेलं नाही, हेच मला समजत नाही. आदल्या संध्याकाळी माझा एक जुना मित्र आला होता. मी नेहमीसारखं हिचं कौतुक केलं. उशा माझ्या पँटींच्या, पडदे जुन्या चादरींचे, ठमीचा फ्रॉक पडद्याचा. या घरात अकरा वर्षांत नवीन कापड आलेलं नाही असं त्याला सांगितलं. तो म्हणाला, नशीबवान आहेस. ही पाणी आणायला आत गेली, ती बाहेर आलीच नाही. सकाळी म्हणाली, थोडे दिवस जाऊन येते, ठमीची शाळा आता सुरू होईल, ती इथेच राहू दे. दोन कपडे घेतले आणि कात्री घेतली. कात्री कशाला? आणि कौतुकाचा कुणाला राग येतो का? तूच विचार तिला. मी विचारायला गेलो तर काहीतरी वाकडं बोलेन. सांभाळून घे.

तुझा धाकटा

ता. ३० जून

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं. रागावून लिहिलं असेल असं वाटून दिवसभर फोडलंच नाही. तुम्ही फक्त काय झालं ते विचारलंत, आणि तेवढंच मला सांगता येत नाही.

यांनी खोटं काही सांगितलं नाही. मी आत तांब्या हातात घेऊन उभी होते. अंगावरचा गाऊन यांच्या दोन शर्टांचा होता. घरात अशी एक तरी वस्तू आहे का, जी आधी दुसरं काही नव्हती, ते शोधत राहिले. सापडेना. वन्सं, मला हे काम आवडतं, घोळ तिथेच आहे. इथे आल्यावरसुद्धा भावाची कॉलर मीच मागून घेतली.

घराजवळ एका बाईंचं शिवणकामाचं दुकान आहे. त्यांना कापड बेतायला कुणीतरी हवं होतं. त्यांनी सात मीटर निळं कापड टेबलावर पसरलं आणि म्हणाल्या, काप. इतकी वर्षं मी भोक चुकवून, डाग चुकवून कापत आले. इथे चुकवायला काहीच नव्हतं. खडू घेऊन पंधरा मिनिटं नुसती उभी राहिले. बाईंनी विचारलं, बरं नाही का. मग कापलं. हसू येत होतं की रडू, कळलं नाही.

परत जायचंच आहे. पण काय म्हणून जायचं, ते सुचत नाही. ठमीच्या वेण्या कोण घालत असेल, या विचाराने हात थांबतो. हे यांना कळवलंत तरी चालेल. मला परकी समजू नका.

तुमची भावजय

ता. १० जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू हिचं पत्रच पाठवलंस, ते चार वेळा वाचलं. निम्मं समजलं. रविवारी ठमीला घेऊन निघालो.

दुकानाच्या काचेतून ही दिसली. टेबलावर वाकून सरळ रेघेत कापत होती. घरी तिला असं उभं राहिलेलं मी पाहिलेलं नाही. ठमी आत धावली. मी दारातच अडखळलो, तर हिने कापडाचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं आणि ताणून धरा म्हणाली. मी धरलं. म्हटलं, मला वाटायचं मी तुझं कौतुक करतो. ती म्हणाली, कौतुक वाचवलेल्या कापडाचं व्हायचं.

दुकानात आलेल्या कामातले अजून चौदा स्कर्ट बेतायचे बाकी आहेत. ते झाले की येते म्हणाली. आल्यावर आपल्या गावात असंच काम शोधणार आणि घरचं शिवण मनात असेल तेव्हाच करणार. मी हो म्हटलं. मला शिकायचं आहे असंही म्हटलं, त्यावर तिने माझी कॉलर बघितली आणि तोंड फिरवून हसली.

निघताना हिने ठमीला फ्रॉकसाठी हवं ते कापड निवडायला सांगितलं. ठमी बराच वेळ फळीसमोर उभी होती. मग एका पिवळ्या ताग्यावर हात फिरवून तिने आईला विचारलं, हे आधी काय होतं? हिने माझ्याकडे पाहिलं, मी हिच्याकडे. मग ही तिच्याजवळ खाली बसली आणि म्हणाली, हे अजून काहीच झालेलं नाही. ठमीला ते काही पटलं नाही. तिने कापडाला नाक लावून वास घेतला आणि परत विचारलं.

आहे ती माया राहू दे.

तुझा धाकटा