दिवे चालूच होते

११ जानेवारी १९८८, सोमवार

गाडी आली. पोलिसांनी दीड महिन्यानं सोडली. लडकूनं आणून फाटकात उभी केली. धामणकर नाक्यावर गाड्यांचं विजेचं काम करतो तो. चौकीतून आणायला दुसरं कुणी तयार होईना. "मेलेल्या मानसाची गाडी" म्हणे!

दुपारचे तीन, लख्ख ऊन, आणि गाडीचे दोन्ही दिवे चालू. म्हटलं, "आधी ते बंद कर."

"बाई, होत न्हाईत. खटका गेलाय."

किल्ली हातात ठेवून पळाला. कुणाच्या तरी लूमची मोटर जळली होती.

खटका गेलाय हे मला नव्यानं सांगायला नको. दिवाळीपासून गेला होता. गाडी लावली की हे रोज बॉनेट उघडून बॅटरीची तार काढायचे. मग मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुवायचे, डॉक्टरी थाटात. मी म्हणायची, दुरुस्त करून घ्या. यांचं उत्तर ठरलेलं — "हेडबाई, शाळेबाहेर तरी एखादं न ऐकणारं कार्टं असू दे की!"

उजव्या अंगाला एक ओरखडा. बाकी गाडीला काहीही झालेलं नाही.

बॉनेट मी उघडणार नाही. यांनी शेवटचं तेच उघडलं होतं.

साडेसहापर्यंत उजेड पांढरा होता. मग पिवळा. मग तांब्याच्या भांड्यासारखा. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले — आजाऱ्याच्या उशाशी बसतात तशी. आठच्या सुमारास दोन लाल ठिपके उरले. मग तेही गेले.

बरं वाटलं. लगेच बरं वाटेनासं झालं.

१२ जानेवारी

धोंडूबाईनं अंगण झाडलं नाही. "सायब बघतान गाडीतून." म्हटलं, दिव्यांच्या काचा आहेत त्या, आत तार असते. तर म्हणते, "तुमचं शिक्षण हाय बाई. आमचं न्हाय, म्हणून आमाला दिसतं."

१४ जानेवारी, गुरुवार

संक्रांत. शाळेत मुलींनी तिळगूळ देताना खाली पाहिलं. बजावलं — माझ्याकडे पाहून द्या. दिला.

गुरुवार हा दिघाशीचा दिवस. अकरा वर्षं दर गुरुवारी हे दुपारी दोनला तिथल्या दवाखान्यात जायचे आणि सातच्या आत घरी. २६ नोव्हेंबरला सात वाजून गेले, आठ वाजले. परतीच्या वाटेवर, दिवेलागणीला, यांनी गाडी कडेला उभी केली होती आणि बॉनेट उघडून वाकले होते. समोरून टेम्पो आला. दापोड्याचा बाळाराम, वय सव्वीस. त्याचं म्हणणं एकच — "गाडीला दिवाच नव्हता, मला दिसलीच नाही."

त्याच रात्री हवालदार घरी आला होता. विचारलं, "बाई, गाडीचे दिवे चालतात का?" मी म्हटलं, "आमच्या गाडीचे दिवे बंदच होत नाहीत, सारी आळी सांगेल. चालूच होते." त्यानं लिहिलं. मी वाचून त्यातल्या चार चुका दुरुस्त केल्या, मग सही केली. घरात प्रेत यायचं होतं आणि मी शुद्धलेखन तपासत होते.

आज संध्याकाळी पुढच्या खोलीच्या भिंतीवर उजेड पडला. दोन गोल, खुंटीच्या थोडे खाली. बॅटरी मेलेली आहे. रस्त्यावरून ट्रक गेला असेल. ट्रकच असणार.

आवाज मात्र ऐकू आला नाही.

२४ जानेवारी, रविवार

बाळारामची बायको आली. दारात चपला काढून उभी. पोटात पाच महिन्यांचं. मी ओळखलं नाही. म्हणाली, "मी राहीबाई. सातवीपर्यंत तुमच्या शाळंत होते. तुमी मना पाढे चुकले म्हणून उभं केलेलं."

बसायला सांगितलं. बसली नाही.

"बाई, ते जामिनावर आलेत. जेवत न्हाईत. एकच बोलतान, दिवा नव्हता. दिवा असता तर आंधळा पण थांबला असता."

मी म्हटलं, "राही, त्या गाडीचे दिवे बंद होत नाहीत. मी स्वतः सांगते आहे. मग खोटं कोण बोलतंय? मी?"

केवढ्यानं बोलले! धोंडूबाई आतून आली.

पोरीनं मान हलवली. "न्हाय बाई. तुमी कशाला खोटं बोलाल. तुमी आमाला खोटं बोललं म्हणून छड्या मारल्यात." मग पदर सावरून म्हणाली, "घरी जाऊन सांगते त्यांना. बाई बोलतान तर खरंच असंल."

पाणीसुद्धा न घेता गेली. मला राग कशाचा आला होता?

२८ जानेवारी, गुरुवार

पुन्हा भिंतीवर. सहा वीस. मी भिंतीकडे पाठ करून वह्या तपासत बसले. पाठीला ऊब लागत होती.

मूर्खपणा.

९ फेब्रुवारी, मंगळवार

गाडी विकायची ठरवली. विकायची तर आधी दिवे नीट व्हायला हवेत. लडकूला चौथा निरोप धाडला, तेव्हा आला. बॅटरी चार्ज करून आणली होती. जोडली — आणि भक्कन दोन्ही दिवे! धोंडूबाई किंचाळून आत. मीसुद्धा एक पाऊल मागे सरले.

त्यानं स्टिअरिंगखालून खटका सोडवून दाखवला. आतल्या दोन पट्ट्या वितळून एकमेकींना चिकटलेल्या. "हे बघा बाई, नवराबायकोवानी. आता सुटायचं नाव न्हाय." बोलून गेला आणि जीभ चावली. मी म्हटलं, काम कर.

नवीन खटका बसवला. लावले, बंद. लावले, बंद. दहादा करून दाखवलं. अर्ध्या तासाचं काम! तीन महिने अडलं होतं ते एवढंच.

मग हात पुसत म्हणाला, "आता फ्यूज द्या."

"कसला फ्यूज?"

"दिव्यांचा. चौकीत मी गाडी बघितली तेव्हा जागा रिकामी होती. हवालदार बोलला, दिवे लावून दाखव. मग मी तारेचा तुकडा खुपसला. म्हणून तर पेटले. तार ठेवायची न्हाय, एखाद दिवशी गाडी जाळंल."

"जळाला असेल फ्यूज."

"जळाला तर तिथंच मिळतो, काळा होऊन. हा कुणीतरी काढलाय. हातानं."

"पोलिसांनी काढला असेल."

"पोलीस फ्यूजचं काय करणार बाई? भज्यासारखं खाणार?"

हसला. मी हसले नाही. आत गेले, त्याची मजुरी आणून दिली, फाटक लावलं. एवढं सगळं मी शांतपणे केलं.

मग ही वही मागे उलटली. २६ नोव्हेंबर. माझंच अक्षर, घाईतलं:

"सकाळी गाडी कामत सरांना दाखवली. विज्ञानाचा माणूस, चटकन कळलं. छोट्या पेटीतला तिसरा फ्यूज काढला की दिवे गप्प. रोज रोज बॅटरीची तार कशाला? काढून खडूच्या डबीत ठेवला. हे आंघोळीला. शाळेला उशीर. यांना सांगायचं राहिलं — संध्याकाळी."

खडूची डबी टेबलावरच असते. उघडली. खडूंच्या तुकड्यांत खडूसारखाच पांढरा एक तुकडा. चिनी मातीचा, वरून धातूची पट्टी. बोटाच्या पेराएवढा. अडीच महिने मी त्याच डबीतून खडू काढत होते.

१० फेब्रुवारी

शाळेत फोन आहे. दिघाशीच्या दवाखान्यातही आहे. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मला फ्यूजची आठवण झाली होती. झाली होती! मनात आलं, उन्हं असेपर्यंत येतील. आणि डबा उघडला. रात्री हवालदारापुढे तर फ्यूज आठवलाही नाही. हे वहीत लिहिलं नव्हतं. आज लिहिते.

१४ फेब्रुवारी, रविवार

श्रीनाथला बोलावून सांगितलं. पुतण्या आहे, वकील आहे. वही वाचली आणि उठून आधी दार लावलं.

"काकू, आणखी कुणाला बोललात?"

"नाही."

"मग बोलू नका. काका परत येणार आहेत का? आणि ही टेम्पोवाली पोरं भरधाव हाकतात, हे सगळ्यांना माहीत आहे."

"हा भरधाव होता, हे कुणी पाहिलं?"

"पाहिलं असं नाही, पण —"

"मग म्हणू नकोस."

मग आवाज खाली आणून, "काकू, तीस वर्षं या गावात तुमचं नाव आहे. लोक काय म्हणतील, कळतंय? बाईनंच —"

मीच वाक्य पूर्ण केलं. "नवऱ्याला मारलं." तो खिडकीकडे पाहू लागला.

जाताना म्हणाला, "घाई करू नका. १५ मार्चची तारीख आहे. तुमची साक्ष होईलच, तेव्हा बघू." मी बरं म्हटलं.

सरळ चौकीत जाऊन जबाब बदलायला दहा मिनिटं लागतात. ठाऊक आहे मला. एवढं ठाऊक असून बरं म्हटलं.

३ मार्च, गुरुवार

गाडीत जाऊन बसले. यांच्या जागेवर. खटका दाबला — लागले. पुन्हा दाबला — बंद. काय शहाणे झालेत!

तिथं यांनी असाच दाबला असेल. एकदा, दोनदा. रोज न विझणारे दिवे, आणि आज लागत नाहीत! हसले असतील. "हेडबाईंना सांगायला हवं" असं मनात आलं असेल. मग उतरले. बॅटरीची तारच पाहिली असेल, दुसरं काही यांना माहीतच नव्हतं. किती वेळ पाहत राहिले असतील?

आत आले तर भिंतीवर दोन गोल. गाडीचे दिवे मी स्वतः बंद करून आले होते. फाटकाशी जाऊन पाहिलं. रस्ता रिकामा. परत आले. होतेच.

हात लावून पाहिला. भिंत गार होती.

९ मार्च

धोंडूबाई सांगत होती, बाळारामनं टेम्पो चालवायचं सोडलं. अंधार पडला की घरातून बाहेर पडत नाही. "त्याला म्हणं काय काय दिसतं."

मी विचारलं नाही, काय ते.

१४ मार्च, सोमवार

उद्या अकरा वाजता. श्रीनाथ दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा मी दार उघडलं नाही.

वही पिशवीत घातली. बोलायचं ते पाठ केलंय. माझा जबाब खोटा नव्हता, चुकीचा होता. या दोन्हींतला फरक मी मुलींना शिकवत आले. पण चूक कळल्यापासून मी चौतीस दिवस गप्प बसले. त्या चौतीस दिवसांचं काय? तो जबाब आता खोटाच आहे.

उद्या सगळं सांगणार. झोप येणार नाही, पण सांगणार.

१५ मार्च, मंगळवार

माझं नाव पुकारलंच नाही. बाळारामला उभं केलं तसं त्यानं हात जोडले, "साहेब, गुन्हा कबूल हाय."

मी उठले. कारकून म्हणाला, "बाई, खाली बसा." बसले नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं — गाडीचे दिवे बंद होते, फ्यूज मी काढला होता, हा मुलगा पहिल्यापासून खरं बोलत होता.

बाळारामनं वळून माझ्याकडे पाहिलं. वेडसर पोराची समजूत घालावी तसं हळू बोलला:

"न्हाय बाई. चालूच होते. आता मना रोज दिसतान."