दोन उपमंत्र्यांच्या कामवाटपात कोणाकडेच न आलेला माझ्या भावाचा खुनी

प्रति,
मा. मुख्य सचिव,
मंत्रिमंडळ कार्यालय, राजधानी

विषय : माझ्या भावाच्या खुन्याला कोणत्या उपमंत्र्यांच्या सहीने अटक व्हावी, हे तातडीने ठरवून मिळणेबाबत.

संदर्भ : दोन उपमंत्र्यांमधील कामवाटपाचा आपल्या कार्यालयाचा या वसंतातील आदेश.

महोदय,

मी, बुरुलचा एशिमकानोवा, शिक्षिका, राहणार खालचे कारासाझ, खालील हकीकत आपल्यापुढे ठेवते.

१. सदर आदेशाने कालव्यातील पाणी उपमंत्री श्री. ओमुर्झाकोव यांच्याकडे, तर कालव्याचे काठ, दारे व कुलपे उपमंत्री श्री. देर्बिशेव यांच्याकडे गेली. वरच्या कारासाझच्या लोकांनी आमच्या पाळीत दाराला कुलूप घातले. ते काढण्याचा हुकूम कोणी द्यावा, हे आदेशात नव्हते. बटाटे करपू लागले तेव्हा आम्ही दोघांनाही बोलावले. दुर्दैवाने दोघेही आले.

२. दोन्ही गावे फावडी घेऊन काठावर उभी होती. माझा धाकटा भाऊ तालगार पुढे होऊन म्हणाला, "साहेब, कुलूप काढा, एवढंच म्हणा. आम्ही घरी जातो." ओमुर्झाकोव म्हणाले, "पाणी माझं. कुलूप ह्यांचं." देर्बिशेव म्हणाले, "कुलूप माझंच हो, पण अडलंय काय? पाणीच ना? मग तुम्ही बोला." "माझ्या खात्यात तोंड घालू नका." "खातं? दीड नळाचं तुझं खातं!" यावर ओमुर्झाकोवांनी त्यांची कॉलर धरली, देर्बिशेवांनी त्यांच्या थोबाडीत दिली आणि दोघेही मातीत लोळले. वरच्या गावातून कोणी ओरडले, "अरे, पाणी काठावर आलं!" माणसे हसली. मग दगड आला.

३. फावडी हाडांवर पडतात तो आवाज मी इथे लिहू शकत नाही. पोलीस जीपजवळ उभे होते. मी त्यांच्या अधिकाऱ्याचा दंड ओढला, तर तो म्हणाला, "बाई, कालव्याचा तंटा आहे. दोघांपैकी एकाची सही आणा, लगेच उतरतो." तोवर दोन्ही उपमंत्री एकाच गाडीत बसून निघून गेले होते. आमच्या माणसांनी वरच्या गावच्या एका म्हाताऱ्याचा जबडा फोडला, हे मी लपवीत नाही. तालगार त्या म्हाताऱ्याला उचलायला वाकला. म्हाताऱ्याच्या मुलाने, एसेनकुलने, मागून फावड्याची धार त्याच्या मानेत घातली. तालगार माझ्या मांडीवर गेला.

४. ओमुर्झाकोवांच्या कचेरीचे उत्तर : खून काठावर झाला. देर्बिशेवांच्या कचेरीचे : भांडण पाण्याचे होते.

५. शोकाच्या तंबूत मी रिवाजाप्रमाणे कापडी भिंतीकडे तोंड करून रडत असताना एसेनकुल स्वतः आला. थोरल्या बहिणीला म्हणतात तसे मला म्हणाला, "एजे, मला वाटलं तो बाबांना मारतोय. पोलीस मला आत घेत नाहीत. तुमचे भाऊबंद मला सोडणार नाहीत. कुठंतरी कोंडा मला." मी त्याला मेंढ्यांच्या गोठ्यात कोंडले. तेव्हापासून माझे चुलते दाराशी येतात. "उघड, बुरुलचा! आपला पोरगा मातीत गेला, आणि तू ह्याला भाकरी घालतेस?" काल त्यांनी दारावर कुऱ्हाड चालवली. मी ती हिसकावून घेताना थोरल्या काकांची दोन बोटे तुटली. मी त्यांचा हात बांधायला गेले, तर ते माझ्या तोंडावर थुंकले. गावातले कोणी आता माझ्याशी बोलत नाही.

६. तरी एसेनकुल पाण्याच्या वाट्याला येतो की काठाच्या, ते ठरवून त्याला नेण्याची कृपा करावी. कोणाच्याच वाट्याला येत नसल्यास आपण स्वतः सही करावी. आज सकाळी त्याने आतून पाणी मागितले. मी तांब्या घेऊन गेले. दुसऱ्या हातात कुऱ्हाड आहे, हे मला दार उघडल्यावर कळले. त्याने ती पाहिली, गुडघे टेकले आणि मान पुढे केली. मी तांब्या खाली ठेवून परत फिरले. उद्याचे मला सांगता येत नाही.

आपल्या सहीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,

बुरुलचा एशिमकानोवा
खालचे कारासाझ
दिनांक : ९ जुलै