एकशेवीस फोटू

३ फेब्रुवारी, सोमवार
आलो बाई एकदाच्या लातुरात. मी, माझी तनुजा, दोन पोते, एक पेटी आन् पिवळी बादली. हिमायतनगरहून बादली माझ्याच मांडीवर. कंडक्टर म्हणला, मावशी, हिचं बी तिकीट काढा. म्हणलं, काढते, पण मंग तिला शीट दे.

पोरीला डॉक्टरकीच्या क्लासात घातलंय. चाकूर रोडला विरूपाक्ष सर म्हणून रिटायर मास्तर हायत. त्यांच्या घरचं काम धरलं, राहायला मागं आंगणाला लागून खोली. निघताना दीर म्हणला, नवरा गेल्यावर बाईनं एका जागी गुमान बसावं. म्हणलं, भाऊजी, तुमीच बसा, तुमचं बूड जड हाय.

सरांचे डोळे अधू झालेत. त्यांला आभाळाचा एक चांगला फोटू पाहिजे. खाली आंगण, मधी लिंब, वर मृगाचं तिकांडं, त्या वळीतल्या तीन चांदण्या. रोज रात्री आठला कॅमेरा तिपाईवर मांडायचा. तो आपला आपला तासाभरात एकशेवीस फोटू काढतो. लॅपटॉपात तीन सॉफ्टवेअर हायत, सरांनी तिन्ही आधी वापरून बघितल्यात. ते सारे फोटू एकावर एक रचून त्याचा एकच करत्यात. तिन्हीतलं कोणतं ठेवायचं, ते मी बघून सांगायचं. म्हणलं, सर, सातवी शिकल्याली बाई तुमचं आभाळ निवडणार, मंग पावसाचं काय खरं न्हाई. लई हासले.

सैपाकघरात खुंटीला हिरव्या बांगड्या दिसल्या. सर म्हणले, माझं लगीनच झालं न्हाई. म्हणलं, मंग ह्या तुमीच घालता का काय. तव्हा न्हाई हासले.

६ फेब्रुवारी, गुरुवार
तनुजानं लॅपटॉप शिकवला. म्या तिन्हीला नावं ठेवली.

पहिला सासरा. कुथत कुथत चालतो, पण कुणाला टाकत न्हाई. एखादी गोष्ट एकशेवीसातल्या एकाच फोटूत असली तरी तिला बी ठेवतो, फक्त धुरावानी पातळ करून. दुसरी नवरी. आभाळाला पावडर-लाली फासते, तिकांडं गुलाबी केलं भवानीनं. तिसरी जाऊबाई. जे जवळजवळ सगळ्या फोटूत एका जागी गुमान बसलंय तेवढंच ठेवते. आलं-गेलं, वरून जाणारं इमान म्हणा, वटवाघूळ म्हणा, कचरा म्हणून झाडून फेकते. फोटू मातर आरशावानी.

सरांला सांगितलं, जाऊबाईच घ्या. त्यांनी तसंच लावून ठेवलं. फोटू संपले की ती आपोआप चालू होती.

१० फेब्रुवारी, सोमवार
काळं कुत्रं रोज भाकरीला यायचं. काल फोटू चालू असताना आंगणातून गेलं. आज न्हाई. सरांला इचारलं, तर म्हणले, हितं कुत्रं कव्हाच नव्हतं. शेजारच्या सिंधुबाईनं बी तेच सांगितलं, वर मला हासली. पाच दिवस माझ्या हातची भाकर खाल्ली त्यानं. मला काय येड लागलंय?

१३ फेब्रुवारी, गुरुवार
काल साडेआठला सिंधुबाई इरजण मागाया आंगणातूनच आली. म्हणलं, रात्रीचं दही लावता, नवऱ्याला सकाळी गोड बोलायचंय वाटतं. तोंडाला पदर लावून हासत गेली.

आज वाटी आणाया गेले. तिचा नवरा, श्रीमंत नाव त्याचं, एकटाच भात टाकून राहिला होता. बाई कुठंय म्हणलं, तर म्हणे कोणती बाई, माझं लगीनच झालं न्हाई. मागं तारंवर तिचं लुगडं वाळत होतं. लई शिव्या दिल्या त्याला. त्यो आपला भातच हलवत राहिला.

घरी येऊन लॅपटॉप उघडला. एकसष्ट नंबरच्या फोटूत सिंधुबाई वाटी घेऊन चालल्याली. जाऊबाईनं केलेल्या फोटूत नुस्तं आंगण.

मंग त्या खुंटीवरल्या बांगड्या आठवल्या. सरांची बी बायको ह्याच आंगणातून गेली आसंल.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
सरांसंगं भांडले. जाऊबाई बंद करा म्हणलं. ते म्हणले, आडाणी बाई, मनाचे खेळ हायत, जमत नसंल तर खोली खाली करा. तनुजाचा क्लास मे महिन्यापस्तोर. पोरीला घेऊन जाऊ कुठं? शेवटी म्हणले, बरं, सासराच लावतो.

माझा इस्वास न्हाई. फोटू चालू असले की म्या स्वता आंगणात बाज टाकून राखण बसणार. कुणाला फिरकू देणार न्हाई. तनुजाला सांगितलं, क्लासहून पुढल्या दारानंच यायचं. म्हणली, आई, तू एका जागी तासभर बसणार? काकाला फोन करून सांगते. गालगुच्चा घेतला तिचा.

१७ फेब्रुवारी, सोमवार
काल बसले. हालले न्हाई. तनुजाच्या येण्याच्या टायमाला एक मिनिट, एकच मिनिट, तव्यावर भाकर टाकाया आत गेले. पुढल्या दाराला कडी म्याच लावून ठेवल्याली. पोरगी मागून, आंगणातूनच आली. आतूनच वरडले. ती हासली. दोन भाकरी खाल्ल्या, माझ्याशेजारी झोपली.

सकाळी हातरूण रिकामं.

सरांनी जाऊबाई बंदच केली नव्हती.

१८ फेब्रुवारी
क्लासवाले म्हणले, ह्या नावाची पोरगी न्हाई. फोनात तिचा नंबर न्हाई. सर म्हणत्यात, उज्वलाबाई, तुमी एकट्याच आलता. तिचा ड्रेस, तिच्या वह्या माझ्या मांडीवर हायत आन् हा माणूस मला एकटी म्हणतो.

बांगड्या काढून त्यांच्या हातात दिल्या. म्हणलं, आठवा कुणाच्या. नुस्ते चाचपत बसले. रडू आलं त्यांला, पण कशाचं ते कळंना. मला कीव न्हाई आली. आन् जाऊबाई निवडली कुणी? म्याच. ह्याच तोंडानं सांगितलं.

१९ फेब्रुवारी
तनुजा मागून आली त्याच रातीचे फोटू सासऱ्याला दिले.

तनुजा आली. धुरावानी. तिच्यातून भिताड दिसतंय. तोंड हालतं, आवाज न्हाई.

दोघी शेजारी बसून नवा फोटू काढला. त्यात म्या एकटीच.

मंग कळलं. एकशेवीसातली एक हाय ती. बाकीचे फोटू कमी केले की ती दाट होती. साठ पुसले. डोळे दिसाया लागले तिचे.

२० फेब्रुवारी
दहाच ठेवले. आवाज आला. पहिला शब्द, आई, भूक लागली.

पण त्या नऊ फोटूत म्या बाजंवर बसल्याली हाय. तिच्या फोटूत बाज रिकामी. म्या आत होते, भाकर टाकाया.

माझ्या हातातून तवा निसटतोय. बोटातून चुलीचा जाळ दिसला—

२१ फेब्रुवारी
दोन ठेवले. अर्धी ती, अर्धी मी. ती म्हणते, आई, हितंच थांब, असंच राहू. लई झापलं तिला. अर्धी पोरगी कोणत्या परीक्षेला बसती? अर्धी डॉक्टर कोण घेईल?

गुमान बसणाऱ्यालाच जागा हाय म्हणं. तुमच्या जागंला आग लागो. माझी पोरगी चालती होती, तेवढाच गुन्हा.

रडून झोपली ती. आता एकच ठेवणार. तिचा.

तनुजा, सकाळी तुला कळणार न्हाई ही वही कुणाची. नको कळू दे. भाकर टोपल्याखाली हाय, दोन हायत, दोन्ही तुझ्याच. आंगणात मातर फोटू चालू असताना पाय— न्हाई, खुशाल टाक, पण आधी त्या लॅपटॉपातून जाऊबाईला काढ, सरांनी काय बी म्हणू दे, तू तिला पैल्यांदा—

पेन धरवंना. बटन दाबलंय. अजून जरासक दिसतंय मला, तू कूस बदललीस, पांघरूण सरकलंय, कुणीतरी ते वर—