जे हलत नाही, ते घराचं

११ जानेवारी
केनियाच्या पाटे बेटावर उतरलो तोच भिजून. ओहोटीमुळे होडी किनाऱ्याला लागेना, मग सामान डोक्यावर घेऊन कमरेइतक्या पाण्यातून चालत आलो. कॅमेरा कोरडा राहिला, बाकी काही नाही. मोंबासाच्या आमच्या पुरातत्त्व कचेरीत या कॅमेऱ्याला खेळणं म्हणतात. लोक लग्नाच्या चित्रणाला घेतात तसला, स्वस्तातला. याच खेळण्यावर मी आठ दिवसांत या तीनशे वर्षांच्या प्रवाळी दगडाच्या घराचं अचूक मोजमाप करून दाखवणार. मग मला नोकरीत कायम केल्यावाचून त्यांना गत्यंतर नाही.

मालकीण बी बतुला सत्तरीच्या पुढच्या. त्या आणि त्यांचा भाचा अथमान मागच्या पत्र्याच्या घरात राहतात, माझीही सोय तिथेच. जुन्या घराच्या ओट्यावर आल्याची कॉफी, हलवा, आणि बस रे पोरा, दमलास, बस, असा आग्रह. गंमत म्हणजे त्या ओट्यावर स्वतः दोघांना स्वस्थ बसवत नाही. बाई सारख्या डुलतात, अथमानचा गुडघा शिवणयंत्रासारखा हलतो. अंगात मुंग्या शिरल्यात का, असं मी विचारलं. दोघं खूप हसले.

१२ जानेवारी
सकाळचा उजेड छान होता. आतल्या खोलीपासून सुरुवात केली. अकरा कोनाड्यांची भिंत, मधोमध उभी भेग, रुंदी चौदा मिलिमीटर. भिंत बाहेर कलली आहे. पडली तर सगळं घर पडेल.

मापासाठी काळे-पांढरे पट्टे रंगवलेली मीटरभर काठी भिंतीपाशी धरायची आणि मी कॅमेरा घेऊन हळूहळू फिरायचं. काठी धरायला अथमानने जिलो दिला. ताना नदीकडून कामाला आलेला, चाळिशीचा, एकटा, तोंडाने भारी. म्हणतो, साहेब, उभं राहायचं काम माझ्या बापजन्मात कुणी दिलं नव्हतं.

बी बतुलांनी सगळं खोदून खोदून विचारलं. मी सांगितलं, संगणक चित्रांमधल्या सारख्या जागा जुळवून पडद्यावर घर उभं करतो. जे हलतं ते गाळून टाकतो, जे हलत नाही ते घराचं धरतो. बाईंनी मान डोलावली. मग तुझं यंत्र आणि आमचं घर एकाच स्वभावाचं निघालं की, म्हणाल्या.

१३ जानेवारी
संगणकावर घर उभं राहिलं. सुंदर. जिलोही त्यात आलाय, इतका स्तब्ध उभा होता. पण त्याच्या पाठीत आणि भिंतीत फटच दिसत नाही. माझीच काही चूक असावी.

भेग आज नऊ मिलिमीटर. चौदा कशी मोजली मी?

जिलो म्हणतो पाय जड झालेत, बेटावरचं खाणं बाधलं. मी म्हटलं, खाणं नाही, तुझा आळस. हसला, पण अर्धवट.

१४ जानेवारी
आज त्याने मला सरळ विनवलं. काठी दोरीने टांगा साहेब, मला नका उभं करू. पाठ भिंतीला चिकटते, सुटताना कातडी ओढली जाते. सदरा वर करून दाखवला. पाठीवर पांढरं होतं, चुन्यासारखं. मी खरवडलं तर निघेना.

मला ते दिसलं होतं. हे इथे लिहून ठेवतो. दिसलं होतं, आणि तरी मी म्हणालो, शेवटचं एकदाच, वीस मिनिटं, हलू नकोस. उजेड चांगला होता आणि कचेरीला चित्रं हवी होती.

काम आटोपताच मी कॅमेरा घेऊन बाहेर आलो. मागून त्याने दोनदा हाक मारली. मी चित्रं तपासत होतो. अथमान म्हणाला, त्याचं मी बघतो.

१५ जानेवारी
जिलो पहाटेच्या होडीने गेला म्हणे.

काठी आणायला आतल्या खोलीत गेलो. भेग नाही. भिंत ओळंब्यात सरळ. मधोमध चुन्याला फुगवटा, उंची एक मीटर एकाहत्तर. त्यातून माझी काठी बाहेर आलेली, काळे-पांढरे चारच पट्टे.

मी ती ओढली.

आतून कुणीतरी ती परत ओढली.

त्याच दिवशी
पळालो. पुढचं दार बाहेरून बंद. खिडक्या मुठीएवढ्या. ओरडलो. बाहेर ओट्यावर बी बतुला होत्या, डुलताना त्यांच्या चपला दगडावर घासत होत्या. त्यांनी शांतपणे समजावलं. एका भिंतीला एक माणूस पुरतो, पण समोरच्या भिंतीलाही भेग आहे. आपल्या माणसांना कसं द्यायचं? म्हणून पाहुणे. तुझ्यावर मात्र मी रागावले होते पोरा, दिवसभर नुसता भिरभिरतोस, टेकत म्हणून नाहीस.

खरंच, समोरची भेग अकरा मिलिमीटर. मी मोजली. काय करू, मोजलीच.

१६ जानेवारी
चालत चालत लिहितोय. थांबायचं नाही. रात्री दोनदा टेकलो. डाव्या टाचेला चुना आलाय. खरवडलं — रक्त नाही, पूड.

भेग आठ.

जिलोच्या भिंतीपुढून जावं लागतं प्रत्येक फेरीला. दर वेळी म्हणतो, चुकलो रे. काठी हलते —

१७?
बी बतुलांनी खिडकीतून कॉफी आत सरकवली. बस की रे, पोरा, थकलास. आवाजात माया. तीच सहन होत नाही.

प्यायलो. उभ्याने. थांबलो तेवढ्यात उजवा पाय —

भेग पाच

दुपार
बसलोय. बसवलं गेलं. पाठ सुटत नाही. गुडघ्यापर्यंत काही कळत नाही, दुखतही नाही. जिलोला दुखत होतं. मी हलू नको म्हणालो

उजवा हात हलतो. लिहितोय म्हणून हलतो. म्हणजे लिहीत राहायचं. काहीही. दाराची उंची दोन मीटर बारा. भिंतीची जाडी बावन्न सेंटिमीटर. कोनाडे अकरा. जिलो एक एकाहत्तर. मी एक अडुसष्ट. कोनाडे अकरा. कोनाडे अकरा. कोना