झोपेतून उठल्यावरचं पहिलं मोजमाप

प्रिय ढब्ब्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न वाचताच टोपलीत टाकायचा विचार असेल, तर आधी एवढं वाच. घरात कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही आणि मी तुला उपदेश करायला बसलेले नाही. पत्ता तुझ्या त्या चष्मेवाल्या मित्राकडून काढला. फोन नंबर मात्र मेल्याने दिला नाही. तू शपथ घातली आहेस म्हणे! नवा नंबर घ्यायचा आणि सख्ख्या बहिणीला कळवायचा नाही, ह्याबद्दल भेटशील तेव्हा कान पिळला जाईल, तयारी ठेव. दोन वर्षं झाली तू ह्या घराची पायरी चढलेला नाहीस आणि तू अन् बाबा एकमेकांशी एक शब्द धड बोललेले नाहीत. ते सगळं माहीत असूनही मी लिहितेय, कारण माझ्या कामात अशी एक भानगड निघाली आहे की ती तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. लहानपणी आपण दोघांनी मिळून रेडिओ खोलला होता आणि मग तो जोडता आला नव्हता, आठवतंय? त्याच जातीची भानगड आहे ही.

आमचा कारखाना तू पाहिला आहेस. कारखाना कसला, छपाईवाल्याच्या माथ्यावरच्या दोन खोल्या. तिथे सध्या आम्ही साबणाच्या वडीएवढी एक डबी बनवतो. इस्पितळात लशी ज्या फ्रिजमध्ये ठेवतात, त्यात ती ठेवायची. डबीच्या पोटात नखाएवढी चिप असते, तोच तिचा मेंदू, आणि तिने काय करायचं हे लिहून देणारी मी. बॅटरी पुरावी म्हणून चिप बहुतेक वेळ झोपलेली असते. अधूनमधून जागी होते, तापमान मोजते, सगळं ठीक असेल तर पुन्हा झोपते. फ्रिज तापलेला आढळला तर बोंब मारते. साधं काम आहे, तुझ्या भाषेत सांगायचं तर भाताकडे लक्ष ठेवण्याइतकं.

तर ही बया विनाकारण बोंबलायला लागली. फ्रिज बर्फासारखा गार, आणि डबी म्हणते तापला, तापला! औषधं सांभाळणाऱ्या सिस्टर दर वेळी धावत यायच्या, हात घालून बघायच्या आणि आम्हाला फोन करून माझा उद्धार करायच्या. शेवटी त्यांनी काय केलं असेल? डबीला टॉवेलात गुंडाळून कपाटाच्या खणात टाकून दिलं. म्हणजे उद्या फ्रिज खरंच बंद पडला असता तर कोणाला पत्ता लागला नसता. आमच्या साहेबांनी अर्थातच खापर माझ्या डोक्यावर फोडलं. प्रोग्राम तुझा, चूक तुझी. मी प्रोग्राम उभा वाचला, आडवा वाचला, ओळ न् ओळ तपासली. चूक सापडेना. चूक सापडली नाही की मला भूक लागत नाही आणि भूक लागली नाही की मी सगळ्यांच्या अंगावर जाते, हे तुला नव्याने सांगायला नको.

घरी यावं तर तिथे वेगळंच. बाबांनी खिडकीजवळची आपली आरामखुर्ची ओढत आणून घरातल्या बोळात ठेवली आहे. अगदी वाटेत. येता-जाता माझी करंगळी त्या खुर्चीच्या पायावर आपटते आणि मी जे बोलते ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. विचारलं तर म्हणतात, खिडकीतून वारा लागतो. ज्या माणसाने जन्मभर वारा हवा म्हणून आपल्याला कुडकुडत ठेवलं, त्याला आता वारा लागतो! आणि दुसरं म्हणजे दुपारची झोप बंद. आई होती तेव्हापासून त्यांची ती झोप म्हणजे घरातला कायदा, बशीवर चमचा वाजला तरी डोळे वटारायचे. आता दुपारभर टक्क जागे असतात आणि संध्याकाळी पेंगुळलेले, चिडचिडे. वय झालं, दुसरं काय, असं म्हणून मी सोडून दिलं. माझं डोकं त्या डबीत अडकलेलं होतं.

आणि मग मला सापडलं. म्हणजे मी शोधून काढलं म्हणण्यापेक्षा, चिप बनवणाऱ्या कंपनीनेच ते छापून ठेवलेलं होतं. ढब्ब्या, तू ऐकशील तर तुझाही विश्वास बसणार नाही. प्रत्येक चिपबरोबर एक जाडजूड माहितीपुस्तिका येते. तीत चिपचे गुण गायलेले असतात, लग्नाळू मुलाबद्दल त्याची मावशी बोलते तसे. पण त्याच कंपनीचं दुसरं एक पातळसं पत्रकही असतं, आणि त्यात फक्त दोष! आमच्या ह्या चिपमध्ये अमुक खोट आहे, ती तमुक वेळी दिसते, तेव्हा असा असा वळसा घालून काम करा. आणि शेवटी एक वाक्य असतं, त्याच्या तर मी प्रेमातच पडले आहे: ‘ह्यात सुधारणा करण्याचा विचार नाही.’ बघ की! कसली लाज नाही की लपवाछपवी नाही. आम्ही अशा आहोत, अशाच राहणार, तुम्ही जमवून घ्या.

हे सगळं मी जेवताना बाबांना सांगितलं तर त्यांचा घास हातातच राहिला. तुला माहीतच आहे, बोल्टच्या कारखान्यात जन्मभर तपासनीस म्हणून काढलेला माणूस. केसभर कमी-जास्त असलं की लाल रंगाचा फराटा मारायचा आणि म्हणायचं ‘रिजेक्ट’. दुसरा विचार नाही. आपल्याच मालात खोट आहे हे छापून सांगतात आणि वर तोच माल विकतात? आणि तुम्ही दीडशहाणे तो विकत घेता? बराच वेळ त्यांच्या तोंडाचा पट्टा चालू होता. पण दुसऱ्या दिवशी मी घरात पाऊल टाकते तोच विचारलं, अजून कोणकोणत्या खोटी आहेत म्हणालीस? त्या दिवसापासून आमचं रोजचं वाचनच सुरू झालं. मी एकेक दोष मराठीत सांगायचा आणि त्यांनी वकिलासारखे प्रश्न विचारायचे. एक चिप अशी आहे की ती बोलत असताना समोरून काही आलं तर तिला ऐकूच येत नाही. बाबा म्हणाले, ही आपली वरच्या मजल्यावरची बाई. दुसरीचं घड्याळ थंडीत मागे पडतं. हे त्यांचे स्वतःचे गुडघे. तिसरीला एकदम दोन कामं सांगितली की ती दोन्ही विसरून पहिल्यापासून सुरुवात करते. ह्यावर त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी ताट उचलून आत निघून गेले. किती दिवसांनी त्यांना हसताना पाहिलं म्हणून सांगू!

आता आमच्या चिपची खोट ऐक. झोपेतून उठल्यावर ती जे पहिलं मोजमाप देते, ते चुकीचं असतं. बस, एवढंच. मोजायला तिला आतमध्ये एक आधार लागतो, ज्याच्याशी ताडून ती गरम की गार हे ठरवते. उठल्याबरोबर तो आधार अजून डळमळत असतो, पण बाईसाहेबांना धीर नाही, तेवढ्यात मोजून मोकळ्या होतात. दुसरं मोजमाप मात्र अगदी बरोबर. पत्रकात दोन वळसे दिलेले होते. एक, पहिलं मोजमाप टाकून द्या, पुन्हा विचारा आणि दुसरं खरं माना. दोन, चिपला झोपूच देऊ नका. पण मग बॅटरी लवकर संपेल. साहेबांना घाई, म्हणाले झोप बंद करून टाक. तसं करून पाहिलं तर डबी गप्प बसली खरी, पण दमून आठवड्याच्या आत मरून पडली. मग मी माझा हट्ट चालवला. आधी एकदा मोज, ते विसर, पुन्हा मोज. दोन ओळींचं काम! सिस्टरांनी टॉवेल सोडून डबी परत फ्रिजमध्ये ठेवली आहे, आणि परवा त्यांचा फोन आला तो चक्क मी कशी आहे हे विचारायला.

ही बातमी घेऊन मी उड्या मारत घरी गेले. वाटलं, बाबा तोंडात बोट घालतील. तर त्यांना काहीच आश्चर्य नाही. म्हणाले, त्यात काय, आमच्याकडे सकाळी मशीन थंड असताना जो पहिला पीस निघायचा तो आम्ही कधीच मोजला नाही. तो बाजूला ठेवायचा. त्यावर लाल फराटासुद्धा मारायचा नाही, कारण दोष पीसचा नसतो, मशीन अजून तापलेलं नसतं. एवढं बोलले आणि एकदम थांबले. कप हातात, चहा गार होतोय, नजर बोळातल्या त्या खुर्चीकडे. मला वाटलं छातीत दुखतंय की काय. मी उठणार तेवढ्यात त्यांनी हातानेच बस म्हणून खुणावलं. तुझी आठवण काढली त्यांनी, तू घर सोडलंस त्या दिवसापासून पहिल्यांदाच. तो दिवस मलाही डोळ्यांसमोर दिसतो. ज्या कारखान्यात त्यांनी तुला शब्द टाकून चिकटवलं होतं, तिथला राजीनामा देऊन तू आलास आणि स्वयंपाकी होणार म्हणून सांगितलंस. कधी सांगितलंस? ते दुपारचे झोपून उठलेले, डोळे धड उघडलेले नाहीत. आणि त्यांच्या तोंडून पोटच्या पोराबद्दल तो शब्द गेला, जो ते फक्त बोल्टला म्हणायचे. तू पायात चपला न घालता, हातात घेऊनच जिना उतरलास. आता मला विचारतात, त्याला तरी हे कळायला हवं होतं, तव्यावरचं पहिलं धिरडं कधी धड निघतं का? मला हसू आलं आणि रडूही आलं. म्हटलं, बाबा, पण दुसरं तुम्ही टाकायला नको का?

तेव्हा त्यांनी सांगितलं, आणि हे पत्र लिहायचं कारण हेच आहे. मागच्या महिन्यात दुपारी घरचा फोन वाजला. मी कामावर होते. ते गाढ झोपेतून धडपडत उठले, रिसीव्हर कानाला लावला, आणि पलीकडून तू बाबा म्हणालास. आवाज त्यांनी ओळखला. त्यांना बाबा म्हणणारा दुसरा आहे तरी कोण? आणि तोंडातून निघालं, राँग नंबर. फोन ठेवला आणि मग जाग आली. लगेच पुन्हा वाजेल म्हणून तिथेच, बोळात फोनपाशी, उभे राहिले. पाय दुखायला लागले तेव्हा खिडकीतली खुर्ची ओढून आणली. आपला तो जुना फोन, त्यावर नंबर उमटत नाही, तुला उलट फोन कुठे करणार? तेव्हापासून ते तिथेच बसून असतात. पुन्हा झोपेत फोन आला आणि पुन्हा भलतंच काही तोंडातून गेलं तर, ह्या भीतीने त्यांनी दुपारची झोप सोडली आहे. ढब्ब्या, पत्रकातला दुसरा वळसा निवडलाय रे त्यांनी. आणि त्याचं काय होतं ते मी ह्या डोळ्यांनी बघितलं आहे, त्या वयाची बॅटरी फार दिवस पुरत नाही. तू का फोन केला होतास ह्याचं कुतूहल मला स्वस्थ बसू देत नाही. काही आनंदाचं सांगायचं होतं, की अडचणीत होतास, की नुसता आवाज ऐकायचा होता? पण ते मला नको सांगू, त्यांना सांग. हे पत्र मी लिहितेय असं मी त्यांना बोललेले नाही, तरी आज सकाळी टेबलावर पोस्टाची तिकिटं ठेवलेली होती, आणि ह्या घरात आम्ही दोघंच राहतो. तर पुन्हा एकदा फोन कर, भर दुपारी कर, आणि पलीकडून पहिलं जे काही येईल ते टाकून दे. ठेवू नकोस. पुन्हा एकदा बाबा म्हण, आणि मग काय ऐकू येतं ते बघ.

आधी ओरडणारी आणि मग विचारणारी, तुझीच,
ताई