तिन्ही महाविद्यालयांविषयी माझे म्हणणे

प्रिय नातवास,

लिहून देणार तुझा आजोबा. गल्लीत मला 'हेडमास्तर' म्हणतात आणि त्यात निम्मी थट्टा आहे, हे मला पहिल्यापासून समजते. वय अठ्ठ्याहत्तर. शिक्षण इयत्ता चौथी, पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण. धंदा काच कापणे व चौकटी बसवणे, दुकान स्वतःचे. दृष्टी अधू, श्रवण उत्तम, बुद्धी शाबूत. हे पत्र मी कोणाच्याही सांगण्यावरून लिहीत नाही.

मामाच्या घरून तू फोन केलास आणि विचारलेस, "आजोबा, मग तिसरंच नक्की ना?" मी म्हणालो, लिहून कळवतो. तू हसलास. "नुसतं हो म्हणायचं, त्याला काय पत्र लिहायचं?" असे तुझे शब्द. बोललेले शब्द माणूस मागाहून आपल्या सोयीने आठवतो, म्हणून लिहितो. मुळात प्रश्न काय आहे, ते आधी मांडतो. तुझ्या वडिलांचा हात आता थरथरतो, आणि मला काचेवरची रेघ दिसेनाशी झाली आहे. दुकानातल्या टेबलापाशी एक तरुण माणूस उभा राहिलाच पाहिजे. तुम्ही जुळी भावंडे यंदा एकदमच बारावी झालात. दोघांपैकी एकालाच पुढे शिकायला पाठवता येईल. ते तूच, असे या घरात तुम्ही पाळण्यात होता तेव्हापासून गृहीत धरलेले आहे. बहिणीच्या हाती काच कापायचा हिरा दिला, तुझ्या हाती सायकल. तिचाही अर्ज तुझ्या आईने भरून ठेवला आहे, पण तो 'असू दे आपला' म्हणून. कोणते महाविद्यालय चांगले, एवढेच काय ते पाहायचे राहिले होते. त्यासाठी मी तुझ्याबरोबर आलो. बहीण दुकानात थांबली.

पहिल्या महाविद्यालयाने माझी निराशा केली. मोठे फाटक, आत हिरवळ, आणि हिरवळीवर पाय ठेवू नये अशी पाटी. आपल्याला फिरवून दाखवणारी मुलगी आपल्याकडे तोंड करून उलटी चालत होती आणि न अडखळता बोलत होती. एवढे पाठ झालेले बोलणे खरे असेल, यावर माझा विश्वास बसला नाही. तिने जो वर्ग दाखवला, त्याचे कुलूप तिला किल्ली शोधून उघडावे लागले. जे वर्ग उघडे होते, त्यांच्यासमोरून तिने आपल्याला झपझप नेले. एका बाकावर कोणीतरी आपल्या गुरुजींविषयी कोरून ठेवले होते, ते मी पूर्ण वाचले. शुद्धलेखन अचूक होते. मार्गिकेत जुन्या प्राचार्यांच्या तसबिरी होत्या. त्यांतली एक तिरकी होती, ती मी सरळ करू लागलो तर शिपाई ओरडला, "ओ बाबा, हात लावायचा नाही!" तू तेव्हा कोरड्या कारंज्यासमोर उभा राहून स्वतःचे फोटो काढत होतास. शिपायाचा आवाज ऐकून तू मान वळवलीस, मला पाहिलेस आणि पुन्हा फोटोकडे वळलास. तेव्हा मला त्यात काही वावगे वाटले नाही.

दुसरे महाविद्यालय नवे आहे. भिंतींच्या जागी काच. काच पुसायला दोन माणसे दोरीवर लोंबकळत होती. तुझा विषय शिकवायला मात्र एकही माणूस नव्हता. "सर लवकरच जॉइन होतील," असे कार्यालयातल्या बाईंनी सांगितले. बाईंच्या मागच्या फळ्यावर तेच वाक्य लिहिलेले होते आणि ते पुसट झाले होते. वाचनालयात मुले टेबलावर डोकी ठेवून झोपली होती. एकाला मी विचारले, "बाळ, काय शिकतोस?" तो म्हणाला, "शिकतोय कुठं, काका? टाइमपास चाललाय." तो निदान खरे बोलला. मुलींच्या वसतिगृहाच्या दाराला कडी नव्हती, तिथे बांधलेली दोरी होती. तुला उपाहारगृह आवडले. बाहेर पडताना तू म्हणालास, "आजोबा, तुम्हाला काही म्हणजे काही पसंत पडत नाही. मुलगी बघायला आल्यासारखे बघताय." मला हसू आले होते, हे तुला कळू दिले नाही.

आता तिसरे. तिसरे महाविद्यालय उत्तम आहे, हे मी स्पष्टपणे नमूद करतो. वर्ग चालू होते आणि दारे उघडी होती. एक बाई फळ्यावर चुकल्या, एका मुलाने हात वर करून चूक दाखवली, आणि त्या "बरोबर आहे तुझं" म्हणून पुसायला वळल्या. मी दारात उभा राहून हे पाहिले. माझ्या आयुष्यात शाळा म्हणून मी जे काही मनात धरले आहे, ते तिथे होते. नंतर सभागृहात पालकांना प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली. एकाने गाडी कोठे लावायची ते विचारले, एकीने जेवणात तेल किती असते ते विचारले. मी उभा राहिलो. प्रश्न मी घरीच तयार केला होता आणि प्रवासात मनाशी म्हणून पाहिला होता. "महोदय, जो विद्यार्थी अभ्यासात मागे पडेल, त्याच्याबाबत या संस्थेची काय तजवीज आहे?" चौथीत पहिल्या आलेल्या एका मुलाचीही कोणी तजवीज केली नव्हती, म्हणून मला ते विचारावेसे वाटले. प्राचार्य उभे राहिले आणि मला 'आपण' म्हणून सविस्तर उत्तर दिले. त्या उत्तरातला एकही शब्द मला ऐकता आला नाही, कारण तू माझा सदरा मागून ओढत होतास. "बसा ना आजोबा. सगळे बघतायत. लाज आणताय."

मी बसलो. तुझ्या वयात माणसाला लाज लवकर वाटते, एवढे मी धरून चालतो. लाजेबद्दल माझी तक्रार नाही.

सभा संपल्यावर मी पाणी प्यायला शेजारच्या वाचन खोलीत गेलो. तू बाहेर व्हरांड्यात, खिडकीला पाठ लावून, दोन नव्या मुलांशी बोलत उभा होतास. काचेच्या दुकानात वाढलेल्या मुलाला एवढे ठाऊक असायला हवे होते, की दिवसाउजेडी काचेतून आतला माणूस बाहेरून दिसत नाही, पण आतल्याला बाहेरचे सर्व दिसते. आणि वरचे तावदान उघडे असले तर ऐकूही येते. ही चूक आपल्या घरातल्या माणसाकडून व्हावी, याचे मला नवल वाटले. तू पाठीला बाक काढलास, एक बोट वर केलेस आणि म्हणालास, "म-हो-दय! काय तज-वीज आहे?" नक्कल हुबेहूब होती. माझी हनुवटी उचलायची लकबसुद्धा तू सोडली नाहीस. इतक्या बारकाईने तू माझ्याकडे कधी पाहिले असशील, असे मला वाटले नव्हते. ती मुले पोट धरून हसली. मग त्यांतल्या एकाने विचारले, "कोण रे ते? आजोबा तुझे?" तू म्हणालास, "छे! आमच्या दुकानातले आहेत. जुने आहेत. घरच्यांनी सोबत पाठवलंय, उगाच."

या विधानाचा मी पुष्कळ विचार केला. मी दुकानातला आहे. जुना आहे. सोबत आलो होतो. उगाच, हेही आता खरे वाटते. त्यात खोटा म्हणाल तर 'छे' एवढा एकच शब्द आहे.

परतीच्या गाडीत तू माझ्या खांद्यावर डोके ठेवून झोपलास. खांदा मी हलवला नाही. हेही लिहिलेले असावे.

सबब, ज्यासाठी हे पत्र लिहिले ते आता कळवतो. तिसऱ्या महाविद्यालयात तुझी बहीण जाईल. तू दुकानात उभा राहशील. तुझे गुण तिच्यापेक्षा अधिक आहेत, हे मला मान्य आहे. ते ठिकाण तुला शोभले असते आणि तू तिथे पुढे आला असतास, हेही मान्य आहे. जागा वाईट असती तर मी खुशाल तुला पाठवले असते. हा निर्णय मी रागाने घेतला, असे तुझी आई म्हणते. रागावलेला माणूस आवाज चढवतो, मी अक्षर नीट काढतो आहे. तुझ्या बहिणीत मला विशेष गुण दिसले, असेही समजू नये. ती त्या दिवशी तिथे नव्हती, एवढेच. तिने मला त्या सभागृहात उभा राहिलेला पाहिलेले नाही, आणि आपल्या घरात आता ती एकटीच तशी उरली आहे, कारण तू येऊन सर्वांना तो प्रसंग नकलेसह रंगवून दाखवलास तेव्हा ती दुकानात गिऱ्हाईक करत होती. क्षमा मागावीस म्हणून हे लिहीत नाही. मागितलीस तर ती स्वीकारली जाईल आणि निर्णय आहे तसाच राहील. मामांना कारण काय सांगायचे ते तू ठरव. लवकर ये. हात वळायला वेळ लागतो. पहिले काही महिने तुला फुटक्या तुकड्यांवरच रेघ मारायला मिळेल.

तुझाच,
आजोबा

हे पत्र पाकिटात घालण्यापूर्वी घरात मोठ्याने वाचून दाखवले. समक्ष हजर असलेले येणेप्रमाणे. तुझे वडील, हात मांडीखाली दाबून बसले होते. "बाबा, पोरगं आहे हो ते," इतके म्हणाले. तुझी आई, अर्ध्यावर उठून आत गेली, परंतु दाराआड उभी होती, म्हणून हजर धरली आहे. तुझी बहीण, अखेरपर्यंत बसून होती. तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत: "मला नाही जायचं, आजोबा. त्यालाच पाठवा. मी तिथं असते ना, तर मीसुद्धा हसले असते." म्हणणे नोंदवले आहे. निर्णयात बदल नाही. पत्र टपालात टाकण्याचे काम तिलाच दिले आहे.